दादाच्या पायाचे तीन नमुने

माझ्या कामात कुणावर विश्वास ठेवला की फसलात म्हणून समजा. भिवंडीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी एकोणीस वर्षं कल्चरचं काम बघते. लघवी, थुंकी, जखमेतला पू असे नमुने येतात. ते मी गोल प्लेटमधल्या खाद्यावर रेघोट्या ओढून पेरते, अंगाच्या उबेइतक्या गरम पेटीत ठेवते आणि दुसऱ्या दिवशी काय उगवलं ते बघते. उगवलेल्या जंतूवर मग वेगवेगळ्या औषधांच्या कागदी टिकल्या ठेवायच्या. ज्या टिकलीभोवती मोकळं वर्तुळ पडतं, ते औषध त्या जंतूला मारतं. जिथे जंतू टिकलीला खेटून वाढतो, तिथे औषध फुकट. शेलार गावात माझे वडील भात पेरायचे, मी जंतू पेरते, असं मी घरी गमतीनं म्हणते.

पण पेरण्याआधी संशय घ्यावा लागतो. पेशंट सांगतो, "सकाळची पहिली आहे," आणि अकरा वाजता ती बाटली हाताला कोमट लागते. "गोळी एकही घेतली नाही," म्हणतो आणि शर्टाच्या खिशातून अर्धी स्ट्रिप डोकावत असते. अशा माणसांशी रोज गाठ पडली की स्वभाव तसाच होतो. माझा नवरा म्हणतो, तू भाजीवालीलाही विचारशील, ही मेथी खरंच मेथी आहे का म्हणून. विचारते की. एकदा शेपू निघाला होता.

आमच्या लॅबमध्ये दर पंधरवड्याला, शुक्रवारी, मुंबईच्या एका संशोधन संस्थेतून एक बाई यायच्या. हातात बर्फाचा डबा, पायात साध्या चपला, बोलणं अगदी मऊ. आमच्याकडे जे जंतू कुठल्याच औषधाला दाद देत नसत, ते त्यांना हवे असत. आमचे डॉक्टर भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातले, शब्दाला पक्के. ते पेशंटची परवानगी घेऊन, नाव खोडून, नुसता नंबर लिहून ते जंतू त्यांना देत. मी मात्र त्या बाईंचं नाव मनातल्या मनात बर्फवाल्या बाई ठेवलं होतं आणि त्या आल्या की प्लेटा स्वतः मोजून देत होते. भिवंडीचा कचरा न्यायला मुंबईहून कोण येतं? इथे कुठेतरी पाणी मुरतंय, असं मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं.

एकदा मी त्यांना सरळ विचारलं, "आमच्या जंतूंचं तुम्ही करता काय?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "तुमचे जंतू आमचे मास्तर आहेत. त्यांच्यावर जे औषध चालेल, ते कुठेही चालेल."

मग त्यांनी समजावून सांगितलं. नेहमीची अँटिबायोटिक्स आत गेली की दिसेल त्या जंतूला मारतात, पोटातल्या चांगल्या जंतूंनासुद्धा. त्या गोंधळातून जो चिवट वाचतो, तो पुढे कुणालाच ऐकत नाही. त्यांची संस्था अशी औषधं शोधत होती, जी एकाच जातीच्या जंतूला ओळखून मारतील आणि बाकीच्यांना हात लावणार नाहीत. "चाळीत चोर शिरला म्हणून चाळ पेटवायची नाही, चोराची कॉलर धरायची," असं त्या म्हणाल्या. मला बोलणं पटलं, बाई पटल्या नाहीत. एवढं गोड बोलणाऱ्या माणसाचा मला भरवसा वाटत नाही.

त्याच वर्षी दादाचा पाय बिघडला.

दादा माझा थोरला भाऊ. वीस-बावीस वर्षं त्यानं कामतघरला लूमवर जॉबर म्हणून काढली. लूम बिघडला की जॉबरला हाक मारायची, तो पाना घेऊन येणार आणि लूमच्या कानाशी काहीतरी पुटपुटून तो चालू करणार. पुढे लूमचं काम मंदावलं आणि तो पूर्णा गावातल्या एका गोदामात सुपरवायझर म्हणून लागला. तिथे लोखंडी टोकाचे सेफ्टी शूज घालून बारा तास उभं राहायचं. दादाला आधीच साखर. साखरेच्या माणसाच्या पायाची जाणीव हळूहळू जाते. बूट चावत होता आणि त्याला कळत नव्हतं. कळलं ते वहिनीला मोज्यावर हिरवट डाग दिसला तेव्हा.

पुढचं मी सांगायला नको, तरी सांगते. आधी कोपऱ्यावरच्या डॉक्टरची पुडी, मग दुसऱ्या डॉक्टरचं इंजेक्शन, मग मेडिकलवाल्यानं दिलेली "इससे भारी कुछ नहीं आता" अशी गोळी. प्रत्येक वेळी दोन दिवस बरं वाटे आणि औषध थांबे. माझ्याकडे तो आला तेव्हा अंगठ्याखाली रुपयाएवढं भोक पडलं होतं आणि हाडापर्यंत पोचलं होतं. मी त्याच्यावर इतकी ओरडले की शेजारच्या खोलीतल्या बायका दारात आल्या. तो म्हणाला, "बाय, तू लॅबमदी हायेस, तुला तरास नको म्हनून न्हाय आलो." माझ्या भावाला लॅब आठवली ती त्रास न देण्यासाठी.

त्याचा पू मी स्वतः पेरला. दुसऱ्या दिवशी प्लेट उघडली तर हिरवट रंग आणि पिकलेल्या द्राक्षांसारखा गोडसर वास. हा वास मी झोपेतही ओळखेन. सूडोमोनास नावाचा जंतू. तोच एकटा, भरगच्च. टिकल्या ठेवल्या. एकीभोवतीही नीट वर्तुळ नाही. फक्त एका गोळीच्या टिकलीभोवती बारीकशी कड होती, म्हणजे ती गोळी त्याला दबवेल पण मारणार नाही. एकोणीस वर्षांत असे रिपोर्ट मी कित्येक टाइप केले, पण त्या दिवशी भावाचं नाव मी तीनदा चुकीचं टाइप केलं. डॉक्टरांनी माझ्या हातून कागद घेतला आणि स्वतः सही केली.

सर्जननी पाय बघितला. घोट्याखाली, लाली जिथे संपत होती तिथे, त्यांनी पेनानं गोल रेघ मारली. म्हणाले, "गोळ्या बंद करा. उपयोग नाही आणि किडनीला जड जातायत. रोज ड्रेसिंग. पण लाली ही रेघ ओलांडून वर चढायला लागली, तर गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. मी वाट बघणार नाही." वहिनी ती रेघ बघत राहिली. रोज ड्रेसिंगनंतर ती काजळाच्या काडीनं रेघ पुन्हा ठळक करायची, पुसली जाऊ नये म्हणून.

त्या शुक्रवारी मी बर्फवाल्या बाईंच्या पाया पडायचीच बाकी राहिले. त्या म्हणाल्या, त्यांच्यासारख्याच कामातून निघालेलं एक औषध, फक्त सूडोमोनासला मारणारं, मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात पेशंटांवर तपासलं जातंय. दादा त्यात बसू शकेल. अटी दोन. चौदा दिवस पोटात कुठलंही अँटिबायोटिक नको, आणि नंतर घेतलेल्या ताज्या नमुन्यात तोच जंतू उगवायला हवा. जंतूच हातात नसेल तर त्याला मारणारं औषध ते देणार कुणाला? आमच्या लॅबचा जुना रिपोर्ट चालणार नव्हता.

मी घरी जाऊन दादा-वहिनीला सांगितलं, "मुंबईला नमुना पाठवायचाय. त्यावर सगळं ठरणार आहे. गोळ्या एकदम बंद." दोघांनी मान हलवली. एवढंच मी सांगितलं. हे वाक्य मी पुढे किती वेळा आठवलं, ते माझं मला ठाऊक.

चौदा दिवसांनी पहिला नमुना गेला. बाई स्वतः डब्यात घालून घेऊन गेल्या. तीन दिवसांनी त्यांचा फोन आला. "काही उगवलं नाही."

"काही म्हणजे?"

"प्लेट कोरी आहे."

माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडल्यासारखं झालं, आणि तो प्रकाश सगळा चुकीचा होता. हिरवागार भोक पडलेला पाय आणि प्लेट कोरी? यांनी नमुना उन्हात ठेवला असेल, नाहीतर बर्फात गोठवला असेल. नाहीतर दुसऱ्याच कुणाला ती जागा द्यायची असेल. कुणीतरी ओळखीचा असेल, मोठ्या घरचा. मी फोनवरच बोलले, "आमच्या माणसाचा पाय जाईल आणि तुमच्या वशिल्याचा माणूस बसेल, असंच ना?"  त्या म्हणाल्या, "दुसरा नमुना घेऊ या. या वेळी अर्धा तुम्ही तुमच्याकडे पेरा." त्यांचा आवाज तसाच मऊ होता, म्हणून तर मला तो जास्तच टोचला.

आठवड्याभरानं दुसरा नमुना मी माझ्या हातानं घेतला. जखमेच्या तळापासून, पुसून, स्वच्छ करून, दोन काड्या. एक त्यांना, एक मला. माझी प्लेट मी दुसऱ्या दिवशी सकाळी उघडली. नाकाशी नेली. द्राक्षांचा वास नाही. रेघोट्या कोऱ्या. दोन दिवस आणखी ठेवली, तरी तशीच.

म्हणजे बाई चोर नव्हत्या. आता तरी मी थांबायला हवं होतं, पण संशयाला एकदा पाय फुटले की ते घरी बसत नाहीत. मी ड्रेसिंग करणाऱ्यावर गेले. सर्जनच्या दवाखान्यातला तो साधा माणूस, उत्तर प्रदेशातून आलेला, पंधरा वर्षं पट्ट्याच बांधतोय. मला खात्री होती, हा जखमेत कसलीतरी अँटिबायोटिकची पूड भुरभुरतो. मी सगळ्या पेशंटांसमोर त्याला विचारलं, "क्या डालते हो मेरे भाई के पैर में?" त्यानं कपाट उघडलं, सलाईनची बाटली काढली, कापसाचा बोळा काढला आणि म्हणाला, "दीदी, यही है. चाहो तो चख लो." बाकावरची माणसं हसली. मी घरी आले तेव्हा कान गरम झाले होते.

लॅबमध्ये डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "बाई, प्लेट कोरी येते म्हणजे एकतर जंतू गेलाय, नाहीतर औषध आत आहे. जंतू गेलेला नाही, जखम सांगतेय. मग तुम्ही गावभर का फिरताय?" काखेत कळसा आणि गावाला वळसा. लहानपणापासून ऐकलेली ही म्हण माझ्यासाठीच केली असावी.

आमच्या कामात एक जुनी युक्ती आहे. पेशंटच्या पोटात अँटिबायोटिक असेल तर ते लघवीत उतरतं. मग ज्या जंतूला सगळीच औषधं लागू पडतात असा एखादा गरीब जंतू प्लेटभर पेरायचा, आणि पेशंटच्या लघवीत बुडवलेली साधी कागदी टिकली मध्ये ठेवायची. लघवीत औषध असेल तर टिकलीभोवती मोकळं वर्तुळ पडतं. माणूस काहीही सांगो, टिकली लपवत नाही. मी दादाकडे गेले, "साखर बघायचीय" म्हणून बाटली भरून घेतली. थोरल्या भावाशी खोटं बोलायला मला काही वाटलं नाही, हे लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी प्लेटच्या मधोमध पांढऱ्या टिकलीभोवती बांगडीएवढं मोकळं वर्तुळ होतं.

मी प्लेट तशीच पिशवीत घातली, रिक्षा केली आणि कामतघर गाठलं. दुपारची वेळ. चाळीत लूमचा खडखडाट भिंतीतून येत होता. तिथे तो इतका नेहमीचा आहे की थांबला तर माणसं दचकतात. दादा कॉटवर पाय उशीवर ठेवून बसला होता. वहिनी तांदूळ निवडत होती. मी पिशवीतून प्लेट काढली आणि दोघांच्या मध्ये जमिनीवर ठेवली.

"दादा, तू कुठली गोळी घेतोस?"

"साखरेची. आन् ही देती ती."

"ही काय देते?"

दादानं वहिनीकडे बघितलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. बायको पाण्याच्या तांब्याबरोबर जे देईल ते गिळायचं, ही त्याची आयुष्यभराची पद्धत. वहिनीनं सूप बाजूला ठेवलं. उठली, फळीवरचा बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला आणि झाकण उघडून माझ्या पुढ्यात ठेवला.

डबा स्ट्रिपांनी भरलेला होता. अर्ध्या, पाव, दोन गोळ्या उरलेल्या, कात्रीनं कापलेल्या. मला हे माहीत असायला हवं होतं. त्या चाळीत अर्धे लोक यूपी-बिहारच्या मुलुखातून लूमवर आलेले. गावी परत जाताना ते उरलेल्या गोळ्या फेकत नाहीत, वहिनीकडे देऊन जातात, "भाभी, रख लो, किसी के काम आएगी." पूर्ण कोर्स तिथे कुणी करतच नाही. ताप उतरला की शिफ्टला जायचं, उरलेली गोळी डब्यात. कुणाला ताप आला की वहिनी डब्यातून काढून देते. चाळीत तिला मान आहे तो त्या डब्यामुळे. त्यात माझ्या रिपोर्टमध्ये ज्या टिकलीभोवती बारीकशी कड होती, तीच गोळी मला दिसली. चार स्ट्रिपांत मिळून.

"कधीपासून?"

"नमुना द्यायच्या आदी तीन दिवस. सकाळ-सांच दोन-दोन." ती अजिबात लपवत नव्हती. "पयल्या वेळेला बी आन् दुसऱ्या वेळेला बी. आता परत मागतील म्हनून परवापासनं परत चालू केली."

"अगं पण का? मी बंद म्हणून सांगितलं होतं ना!"

"तुमी बोलला ना ताई, त्याच्यावर सगला ठरनार हाय. मंग रिपोट चांगला यायला नको? वंगाल रिपोट गेला तर ते पाय कापतील. मी रोज ती रेग बगतंय. तुमाला काय वाटतं, मना हौस हाय?"

मी तिला काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. अडाणी हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द होता. जंतू उगवायलाच हवा होता, तो दिसला तरच औषध मिळणार होतं, हे तुला एवढं कळू नये? तिनं ऐकून घेतलं. डोळ्यांत पाणी आलं पण आवाज चढला नाही. मग ती म्हणाली, "ह्ये कुनी सांगितला मना? तुमी तर नुसता नमुना बोलला. आन् रिपोट चांगला कसा आनायचा, ते तुमीच शिकवला होता ना ताई? गोदामाच्या टायमाला?"

दादा खिडकीकडे बघायला लागला.

गोदामाची नोकरी लागताना मेडिकल होतं. साखर जास्त निघाली की ते घेत नाहीत. दादा माझ्याकडे आला होता, आणि मी, एकोणीस वर्षं पेशंटांच्या थापा पकडणारी मी, त्याला सांगितलं होतं, चार दिवस भात-साखर बंद कर, गोळी दुप्पट घे, रिपोर्ट चांगला येईल. आला. नोकरी मिळाली, पेढे वाटले. त्या रिपोर्टवर विश्वास ठेवून त्यांनी एका साखरेच्या माणसाला लोखंडी बूट दिले आणि बारा तास उभं केलं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, सर्जनना नाही, डॉक्टरांना नाही, बर्फवाल्या बाईंना नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझं चांदणं मी इतकं झाकून ठेवलं होतं की मला स्वतःलाही ते दिसेनासं झालं होतं, आणि मी दुसऱ्यांच्या अंगणात कंदील घेऊन फिरत होते.

पुढच्या शुक्रवारी बाई आल्या. डब्याचं सांगायच्या आधी मी माफी मागितली. मला माफी मागता येत नाही, तोंड वाकडं होतं, पण मागितली. त्यांनी ती लगेच बाजूला ठेवली आणि कागद काढला. "शेवटची गोळी कधी?"

सात दिवस झाले होते. म्हणजे आणखी सात दिवस थांबायचं, मग नमुना, मग उगवायला दोन दिवस. आणि लाली त्या सकाळीच रेघेला टेकली होती. पोटातली गोळी एव्हाना उतरली होती. आज नमुना घेतला असता तर जंतू उगवलाही असता. लघवीची प्लेट आम्हा तिघांपलीकडे कुणी बघितली नव्हती, डबा माझ्याशिवाय बाहेरच्या कुणी बघितला नव्हता. बाई पेन धरून म्हणाल्या, "तुम्ही सांगाल ती तारीख मी लिहीन. तुमच्यावर माझा विश्वास आहे."

एवढा राग मला त्यांचा कधीच आला नव्हता. एक तारीख सात दिवस मागे सरकवायची होती, दादाच्या पायासाठी. मला ती तारीख जिभेवर जाणवत होती. मी खरी सांगितली. त्यात मोठेपणा काही नव्हता. मला भीती वाटली की हेही मी चांगला रिपोर्ट आणायलाच करतेय, आणि मागच्या वेळी त्यातून बूट निघाले होते.

ते सात दिवस मी रोज दादाकडे जाऊन रेघ बघत होते. पाचव्या दिवशी लाली रेघेच्या वर एक बोट गेली. सर्जन म्हणाले, "परवा सकाळी मी ऑपरेशन ठरवतोय." मी, वहिनी आणि लॅबचे डॉक्टर, तिघं त्यांच्यासमोर बसलो. डॉक्टरांनी शब्द टाकला, तेव्हा ते चार दिवस थांबायला तयार झाले, तेही ताप आला नाही तर. वहिनी दर तासाला दादाच्या कपाळाला हात लावायची. तिनं डबा चाळीतल्या एका म्हाताऱ्याकडे ठेवायला दिला होता. आपल्या हाताचा आता तिला भरवसा नव्हता, असं ती म्हणाली.

तिसरा नमुना घेतला. ताप आला नाही. दोन दिवसांनी सकाळी मी पेटी उघडली आणि प्लेट बाहेर काढायच्या आधीच वास आला. द्राक्षांचा. हिरवीगार प्लेट. मी तिथेच स्टुलावर बसून रडले. भावाच्या पायात हाड कुरतडणारा जंतू उगवला म्हणून आनंदानं रडणारी बाई भिवंडीत तरी दुसरी नसेल. संध्याकाळी बाईंचा फोन आला, त्यांच्याकडेही उगवला होता.

हॉस्पिटलात दादाला दाखल केलं. अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं, तिथलं हाड मेलंच होतं. पुढे सलाईनमधून ते नवं औषध, आणि दोन आठवड्यांनी त्याच्या गोळ्या सहा आठवडे घरी घ्यायच्या. गोळ्यांबरोबर एक वही होती. घरच्या एका माणसानं रोज गोळी देऊन त्यात सही करायची आणि दुसरी कुठलीही गोळी दिली नाही असं लिहायचं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, जबाबदार माणूस म्हणून नाव कुणाचं लिहू?

मी पुढे झालेच होते. पर्समधून पेनही काढलं होतं. लॅबमध्ये काम करते, शिकलेली आहे, आणि डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारी. दुसरं कोण असणार?

दादा म्हणाला, "हिचा नाव लिवा." आणि वहिनीकडे बोट केलं.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी दादाकडे. तो माझी नजर टाळत नव्हता. "बाय, तुला राग येल. पर तू इचारलंस तवा हिनं डबा उगडून पुढं ठेवला. आपन दोगांनी गोदामाची गोठ दोन वर्सं पोटात ठेवली. ही चुकली तर सांगंल. आपन न्हाय सांगायचो."

मला राग आला. खूप आला. त्यानं 'आपण' म्हटलं, स्वतःलाही त्यात धरलं, तरी लागायचं ते मलाच लागलं. मी पेन पर्समध्ये ठेवलं. वहिनीनं डॉक्टरीणबाईंचं पेन घेतलं आणि सातवीत सोडलेल्या अक्षरात, एकेक अक्षर थांबून, आपलं नाव लिहिलं.

पाय राहिला. दादा आता विशेष चपला घालून लंगडत का होईना कामतघरच्या नाक्यापर्यंत जातो आणि येतो.

गोळ्यांच्या त्या सहा आठवड्यांत मी एकदा वहिनी बाहेर नळावर गेलेली असताना वही उघडली. एकही सही चुकलेली नव्हती. तरी मी गोळ्यांची बाटली काढली, तळहातावर ओतली आणि तारखांशी ताडून मोजल्या. बरोबर होत्या. मान वर केली तर वहिनी हंडा कमरेवर घेऊन दारात उभी होती.

"बरोबर हायत ना ताई?" तिनं विचारलं. विचारताना ती चिडली नव्हती, म्हणूनच मला मान वर ठेवता येईना. मी हो म्हटलं. गोळ्या एकेक करून बाटलीत परत टाकायला मला फार वेळ लागला, आणि ती तोवर हंडा न उतरवता तशीच उभी राहिली.